पेरणीच्या दिवसांत व्हिसा: कळंबहून युरोपात शिकायला जाताना

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्याच्या व्हिसासाठी कागद द्यायचे ते जून-जुलैत, आणि त्या कागदांतच वर्षभराच्या खर्चाची रक्कम खात्यात जमा असल्याचा पुरावा लागतो. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारून पाहा, जूनमध्ये घरात पैसा असतो का? बियाणं, खत, डवरणी-निंदणाची मजुरी यांतच होतं नव्हतं ते वावरात जातं. पैसा दिसतो तो दिवाळीनंतर, कापूस घरात आला की. आणि थोडा तूर विकल्यावर. युरोपच्या विद्यापीठांचं वेळापत्रक आपल्या हंगामाच्या नेमकं उलटं चालतं. चांगले गुण असलेली, प्रवेश मिळालेली पोरं इथं अडकतात, इंग्रजीत क्वचित.

म्हणून हा लेख मी अभ्यासापासून सुरू करत नाही. कॅलेंडरपासून करतो. ज्याला पुढच्या ऑक्टोबरात जायचं आहे त्याने यंदाच्या कापसाच्या पैशाचं नियोजन यंदाच करायला हवं. आणि खरं सांगायचं तर सगळी तयारी दोन वर्षं आधी सुरू झाली तर निवांत होते, एका वर्षात ओढाताण होते, आणि सहा महिन्यांत फक्त एजंटचं भलं होतं.

वेळेचा हा हिशेब नवा नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत दिली होती. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, आणि 1920 साली मुदतीच्या आत ते पुन्हा लंडनला पोचले. पुढे जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं. बचत, मदत, कर्ज आणि मुदत या चार गोष्टींचा मेळ त्यांना घालावा लागला होता. आजही तोच घालायचा आहे.

नाव एक, कागद अनेक

पहिलं काम बिनपैशाचं आहे आणि ते आजच करता येतं. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला एका टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर वाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा. त्यात वडिलांचं नाव कुणी घालतं, कुणी घालत नाही. त्यात आडनावातला एखादा ‘ए’ कॉलेजच्या बाबूने जास्तीचा टंकलेला असतो. ऑनलाइन अर्ज तपासणारा परदेशी कारकून हे समजून घेत नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं.

नावांचा क्रम वेगळा असेल तर फार बिघडत नाही, प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंग वेगळं असेल तर मुळातच दुरुस्ती करून घ्या. दहावी-बारावीची दुरुस्ती शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे, पदवीची कॉलेजमार्फत संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. या दोन्ही कामांना आठवडे लागतात, कधी महिने. लग्न झालेल्या मुलींनी पासपोर्ट काढण्याआधी माहेरचं आडनाव ठेवायचं की सासरचं हे पक्कं करावं, कारण गुणपत्रिका सगळ्या माहेरच्या नावाच्या असतात. माझं मत विचाराल तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत माहेरचंच राहू द्या. घरात यावरून कुरबुर झाली तर ती व्हिसाच्या खिडकीवर होण्यापेक्षा आत्ता झालेली बरी.

पासपोर्टसाठी आपल्याला नागपूरचं प्रादेशिक कार्यालय. साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये. पोलीस पडताळणी कळंब ठाण्यातून होते. त्या दिवशी घरी माणूस असावा. पासपोर्ट पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असताना काढून ठेवा, कारण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा अर्जही त्याच क्रमांकावर भरावा लागतो.

कुठे जायचं, हे कुणाला विचारायचं

युरोप म्हटलं की आपल्याकडे जर्मनीच डोळ्यांसमोर येते, आणि त्याला कारण आहे. तिथल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. सत्राला शे-दोनशे ते चारेकशे युरोचं वर्गणीवजा शुल्क तेवढं भरायचं. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. खासगी विद्यापीठांची गोष्ट वेगळीच, तिथे वर्षाला आठ-दहा लाख सहज जातात.

इथेच एजंटचा मुद्दा येतो. यवतमाळ-नागपुरात ‘मोफत सल्ला’ अशा पाट्या दिसतात. सल्ला मोफत कसा परवडतो, हा प्रश्न आपण कापसाच्या व्यापाऱ्याला विचारतो, इथे विचारत नाही. एजंटला दलाली विद्यापीठाकडून मिळते, आणि दलाली देणारी बहुतांशी खासगी असतात. जी सार्वजनिक विद्यापीठं तुमच्यासाठी सगळ्यांत स्वस्त आहेत ती म्हणूनच त्याच्या यादीत सहसा दिसत नाहीत. अर्ज स्वतः भरता येतात. जर्मनीची शैक्षणिक विनिमय संस्था ‘डाड’ हिच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी फी आणि मुदतींसकट दिलेली आहे. दोन संध्याकाळी बसून ती चाळा, मग एजंटकडे जायची गरज वाटते का बघा.

आपले गुण तिथे कसे मोजले जातात, हे मात्र आधी समजून घ्या. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. आपल्या गुणांचं रूपांतर करायचं एक सूत्र आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. समजा दहापैकी आठ सीजीपीए आहे आणि पास व्हायला चार लागतात. दोनला सहाने भागून तीनने गुणलं की एक, त्यात एक मिळवला की 2.0. बरेच अभ्यासक्रम 2.5 किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण सात सीजीपीए. यातली किमान उत्तीर्ण श्रेणी किती, याचं पत्र कॉलेजकडून घ्यावं लागतं. ते आधीच मागून ठेवा.

बारावीनंतर थेट जर्मनीत जायचं स्वप्न असेल तर एक अडचण आहे. नुसत्या आपल्या बारावीवर तिथे पदवीला थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास असाल तर तांत्रिक शाखांना वाट मोकळी होते, नाहीतर इथे एक वर्ष पदवीचं करून किंवा तिथला पूर्वतयारीचा वर्ग करून जावं लागतं. त्यामुळे आपल्या भागातल्या मुलांनी पदवी इथेच करून मास्टर्सला जाणं सोयीचं. फक्त तीन वर्षांच्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम.ला प्रत्येक विद्यापीठ सारखं मोजत नाही. अर्जाआधी ईमेल करून विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

जर्मनीसाठी आणखी एक टप्पा आहे, एपीएस प्रमाणपत्राचा. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. दिल्लीचं कार्यालय तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत ते तपासून प्रमाणपत्र देतं. फी 18,000 रुपये. ते हाती येईपर्यंत पुढचं पाऊल पडत नाही, म्हणून गुणपत्रिका मिळाल्या की त्याच आठवड्यात अर्ज.

इटलीकडे आपल्याकडचे फार कमी लोक पाहतात, आणि शेतकऱ्याच्या मुलासाठी मला ती कधी कधी जर्मनीहून बरी वाटते. तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, गुणांवर नंतर. उत्पन्न कमी असेल तर फी माफ, वर काही रक्कम, अनेकदा वसतिगृह आणि जेवणही. अट एकच, कागद पक्के हवेत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, घरातल्या सगळ्यांच्या बँकखात्यांचा वर्षअखेरचा शिलकेचा दाखला, सातबारा आणि घराची नोंद, या सगळ्याचं इटालियन भाषांतर आणि त्यावर अपोस्टिलचा सरकारी शिक्का. ही शिष्यवृत्ती प्रवेशाबरोबर आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदतही वेगळी. ज्याने ही तारीख चुकवली त्याला इटली महाग पडते.

फ्रान्स, नेदरलँड्स, आयर्लंड यांचं थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या सार्वजनिक विद्यापीठांत मास्टर्सची फी वर्षाला चार हजार युरोच्या आत-बाहेर आहे. नेदरलँड्समध्ये शिक्षण उत्तम, पण फी भरमसाट आणि खोलीची मारामार. पदरचे पैसे घालून जाणाऱ्याला मी आयर्लंड आणि नेदरलँड्स दोन्ही सुचवणार नाही.

पैशाची तजवीज

जर्मनीच्या व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात; सप्टेंबर 2024 पासूनचा हा आकडा आहे. पैसे तुमचेच, पण तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरोच काढता येतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख झाले. आठ हजारांच्या भावाने हा दीडशे क्विंटल कापूस आहे, तोही लागवड आणि वेचणीचा खर्च न धरता. त्यात विमानभाडं, एपीएस, आयईएलटीएसचे सतरा-अठरा हजार, खोलीची अनामत, असं धरून चौदा लाखांची तयारी ठेवावी लागते.

बँकेकडे गेलात की पहिला धक्का बसतो तो जमिनीचा. दहा एकर कोरडवाहू आहे, बँक कर्ज देईल, असं बापाला वाटत असतं. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि त्यासाठी शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. कारण साधं आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. चालतं ते गावठाणातलं घर, अकृषक प्लॉट, मुदतठेव किंवा एलआयसीची पॉलिसी. गावातल्या घराचे कागद नसतील तर स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते. ती आली असेल तर काढून घ्या आणि बँकेच्या वकिलाला दाखवा. मुद्दा इतकाच की बँकेत जूनमध्ये जाऊ नका. डिसेंबरात जा, कापसाचे पैसे खात्यात दिसत असताना.

आणि वावर विकून जाण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. एका मुलासाठी सगळी जमीन विकली तर तो तिथे शिकत नाही, दडपणाखाली काम करत राहतो. शिष्यवृत्ती मिळाली नाही, बँकेने नाही म्हटलं, आणि उरलेला एकच मार्ग जमीन विकणं हा असेल, तर एक-दोन वर्षं थांबा, इथे नोकरी करा आणि पुन्हा अर्ज करा. दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव ब्रिटनच्या चिव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीची अटच आहे, आणि डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही तो लागतो. थांबलेलं वर्ष वाया जात नाही.

शिष्यवृत्त्यांची माहिती तालुक्याच्या ठिकाणी फार उशिरा पोचते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, वर्षाला 75 जागा, अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त यांच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची, खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत आणि त्यातल्या चार भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहेत. कळंब, राळेगाव, मारेगावच्या पोडांवर राहणाऱ्या कोलाम समाजासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीत वीस जागा असतात, आणि त्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव आहेत. कोलाम त्या यादीत आहेत. पदवी झालेल्या कोलाम मुला-मुलीपर्यंत ही ओळ कुणी पोचवली तर या लेखाचं काम झालं.

या योजनांत एक मेख आहे. राजर्षी शाहू योजनेला विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरच्या दोनशेत लागतं, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेला पाचशेत. जर्मनीतली नोकरीच्या दृष्टीने उत्तम असलेली उपयोजित शास्त्रांची ‘होखशूल’ महाविद्यालयं या क्रमवारीत नसतातच. म्हणजे फी नाही म्हणून जे निवडलं तेच शिष्यवृत्तीला अपात्र ठरतं. अर्ज करताना दोन याद्या करा: एक शिष्यवृत्तीला चालणारी, एक स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने परवडणारी. विनाअट प्रवेशपत्र हातात असल्याशिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज उभा राहत नाही, आणि जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पुढचं बोलणंच खुंटतं. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर गेल्या वर्षीचा असू शकतो. हप्ते वेळेवर येतीलच असं धरू नका, तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा.

युरोपियन युनियनची इरास्मस मुंडुस ही यातली सगळ्यांत सरळ. उत्पन्नाची अट नाही, क्रमवारीची नाही. निवड झालेल्याला किमान दोन देशांत मिळून शिकायचं, फी नाही, आणि महिन्याला 1,400 युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. अर्जाला खर्च जवळपास नाही. लागतं ते नीट लिहिलेलं प्रेरणापत्र. नेटवरून उतरवलेली, ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ अशी सुरुवात असलेली पत्रं निवड समितीने हजारो वाचलेली असतात. बोंडअळीने गेलेला हंगाम, बोअरची खालावलेली पाणीपातळी, आईच्या बचतगटाचा हिशेब यातलं जे तुमच्या विषयाशी भिडतं ते लिहा. तुम्ही ते पाहिलं आहे, पॅरिसच्या पोराने नाही.

या पत्रांसाठी आणि अर्जांसाठी मदत हवी असेल तर आपल्याच भागात मुळं असलेली एक संस्था आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे यांनी यवतमाळात काम करताना 2017 साली एकलव्य सुरू केली. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना मोठ्या संस्थांची दारं दाखवणं हा तिचा उद्देश. पुढे 2021 साली ते स्वतः चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला सोआस विद्यापीठात शिकायला गेले. पहिल्या पिढीच्या पोराला अर्ज कसा समजावायचा हे त्यांच्यासारख्यांना कळतं, कारण ते त्यातून गेलेले असतात.

बॅग भरताना

कळंबच्या चिंतामणीला नमस्कार करून निघायचं हे आलंच. पण देवळातल्या प्रसादाबद्दल एक सूचना: युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला सोबत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. खव्याचे पेढे गेले, तूप गेलं. ताजा कढीपत्ता, भाज्या, बियाणं यांवरही बंदी आहे. प्रसादाचा नारळ मात्र चालतो. केळी, खजूर, अननस आणि नारळ अशा मोजक्या फळांना सूट आहे. तिखट, हळद, गोडा मसाला, सावजीचा कोरडा मसाला, कुरडया, वाळवलेले सांडगे बिनधास्त न्या. तूरडाळ मोठ्या शहरांतल्या आशियाई दुकानांत मिळते, तिच्यासाठी वजन घालवू नका. जाड जॅकेटही इथून नेऊ नका; नागपुरात मिळणारं जॅकेट तिथल्या वाऱ्याला पुरत नाही, आणि तिथे वापरलेलं, चांगलं जॅकेट स्वस्तात मिळतं.

वजनाच्या बदल्यात न्यायचा तो स्वयंपाक. कणीक मळणं, पिठलं, भात, वरण एवढं मुलग्यांनी जाण्याआधी सहा महिने घरात करावं. बाहेर एक वेळ जेवायचं तर सात-दहा युरो जातात. 992 युरोतून भाडं आणि विमा वजा केला की ते परवडत नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. लाल मिरचीच्या ठसक्याने वसतिगृहाची धूर-घंटा वाजते, सगळी इमारत थंडीत खाली उभी राहते, आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

खोलीचा अर्ज प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच विद्यार्थी वसतिगृहाकडे करा. यादी महिनोन्महिने चालते. खासगी खोली शोधताना ‘मालक परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असा मजकूर आला की तिथेच थांबा. तो सापळा आहे. सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान पोचाल असं तिकीट काढा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, आणि शनिवारी रात्री उतरलेल्याला सोमवारपर्यंत विमानातल्या बिस्किटांवर काढावं लागू शकतं. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. या नोंदणीशिवाय बँक, विमा, निवास परवाना, सगळंच रखडतं.

तिथला वर्ग

वर्गात पहिले काही आठवडे सगळं सोपं वाटतं. हजेरी नाही, चाचणी नाही, प्राध्यापक ओरडत नाहीत. मग फेब्रुवारीत एकच परीक्षा येते आणि त्यासाठी आपण नाव नोंदवायचं असतं हे काहींना तारीख गेल्यावर कळतं. तिथे कॉलेज तुमचा फॉर्म भरून घेत नाही. अनेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदा नापास झालं की त्या अभ्यासक्रमातून बाहेर. सत्र सुरू झालं की परीक्षा नोंदणीची पहिली आणि शेवटची तारीख भिंतीवर लावा.

दुसरं, उतरवणं. पाठ केलेल्या नोट्स जशाच्या तशा लिहिल्या की इथे गुण मिळतात. तिथे दुसऱ्याचं वाक्य अवतरण न देता लिहिलं तर ती चोरी मानतात आणि त्यावरून पेपर रद्द होतो. प्रश्न विचारायला संकोच करू नका. ‘सर, शंका आहे’ म्हणून उभं राहायची आपली सवय लवकर सुटत नाही. तिथे बसल्या बसल्याच विचारतात, आणि न पटलं तर न पटलं म्हणतात. इरावती कर्वे 1928 ते 1930 या काळात बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा वंशभेदावर विश्वास होता, आणि कवट्यांच्या मोजमापावरून तो सिद्ध व्हावा अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापातून तो निघाला नाही. त्यांनी निघालं तेच लिहिलं. गुण कमी पडले, पण डॉक्टरेट मिळाली. पुण्याहून गेलेल्या विशीतल्या बाईने त्या काळच्या बर्लिनमध्ये हे केलं. आजच्या मुलीला सेमिनारात हात वर करायला हरकत नसावी.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी डॉक्टर, दुकान, सरकारी पत्र, शेजारी, सगळं जर्मनमध्ये. निदान प्राथमिक दोन पातळ्या इथूनच करून जा. कळंब-यवतमाळात वर्ग नसतील तर ऑनलाइन शिका. भाषा येत नसताना मिळणारं काम म्हणजे गोदामातलं, भांडी घासण्याचं किंवा सायकलवरून जेवण पोचवण्याचं. भाषा आली की विद्यापीठातच सहायकाचं काम मिळू शकतं. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिलं वर्ष कामाच्या भरवशावर काढायचा बेत आखू नका.

डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या पोराला थंडी फारशी जड जात नाही, अंधार जातो. झोप बिघडते, आंघोळ टळते, खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नाही. दिवसा उजेड असताना अर्धा तास बाहेर चाला. आणि मन अगदीच लागेनासं झालं तर विद्यार्थी संस्थेचा समुपदेशक असतो, त्याला पैसे पडत नाहीत. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं.

आईबापांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते आणखी एक तास मागे जातं. रोज ठरलेल्या वेळी फोन न आल्याने जिवाला घोर लावून घेऊ नका. दुसरं, पहिल्या वर्षी पैसे पाठवायला सांगू नका. भाच्याचं लग्न, बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता, हे तिकडे कळवताना पोराला त्याचा खर्च आधी विचारा.

आणि जो तिथे पोचला आहे त्याच्यासाठी आणखी एक तारीख. उन्हाळी सत्राचं शुल्क जानेवारी-फेब्रुवारीतच भरावं लागतं, परीक्षेच्या गडबडीत. भरलं नाही तर नाव पटावरून कमी होतं, आणि नाव कमी झालं की निवास परवान्याचा आधारच जातो. शुल्क भरल्याची पावती काढून ठेवा. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या वर्षाच्या हप्त्यासाठी समाज कल्याण आयुक्तालय तीच मागतं.